सगळं सुरळीत होऊ दे

पत्र थोडक्यात असं: वाचक ३१ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. गेली दोन वर्षं दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात नोकरीसाठी एकटी राहते. ऑफिसातल्या, वयाने थोड्या मोठ्या सहकारी बाईशी तिचं चांगलं जमतं. तिथल्या रीतीने ती तिला 'ऑन्नी', म्हणजे ताई म्हणते. ही ताई नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि पुढच्या महिन्यात एका शनिवारी तिने आठ जणांना जेवायला बोलावलं. कोरियन भाषेत या जेवणाला 'जिप्तुरी' म्हणतात. वाचक अंडं खाते, पण मांस-मासे नाही. दारू पीत नाही. मागच्या वर्षी टीमच्या एका जेवणात ती तीन तास नुसता भात आणि काकडी खात बसली. बोलली काहीच नाही, पण सगळ्यांच्या ते लक्षात आलं. आता भरीला भर भेटीचा घोळ. बाकीच्यांनी वर्गणी काढून टॉयलेट पेपरचा गठ्ठा आणि कपड्यांचा लिक्विड साबण न्यायचं ठरवलंय. "नव्या घरात संडासातले कागद घेऊन जायचं मला कसंसंच वाटतं," असं ती लिहिते. तिला चांदीचा गणपती द्यायचा आहे. आई फोनवर म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण तसलं काही नेऊ नकोस." तिचा प्रश्न: बरं नाही असं सांगून टाळलेलंच बरं नाही का?

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी अडचण दिसली. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. 'हे लोक', 'यांच्यात', 'इथली पद्धत' हे शब्द ओळीओळीला आहेत. 'मैत्रीण' हा शब्द एकदाच आला आहे, तोही अगदी शेवटाकडे. जायचंय तुला एका ताईच्या घरी जेवायला, पण मनाने तू एका सबंध देशापुढे परीक्षेला बसायला निघाली आहेस. एवढं ओझं घेऊन कुणाच्याही दारात उभं राहिलं तरी घशाला कोरड पडणारच.

आधी त्या कागदांचं बघू. मला वाटतं, खरी गाठ तिथेच बसली आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात खराडीला माझ्या मावसबहिणीच्या मुलाची वास्तुशांत होती. पुण्याच्या आसपास, रांजणगाव-तळेगावकडे कोरियन कंपन्या आहेत. तशाच एका ठिकाणी तो नोकरीला होता. त्याच्या साहेबांची बायको आली. होम नुकताच आटोपला होता, घरभर धूर कोंडलेला, चौरंगाभोवती तांदूळ सांडलेले, गुरुजी घाम पुसत होते. आणि दारात ही बाई, हातात तीस रोलचा गठ्ठा, प्लॅस्टिकवर लाल रिबीन बांधलेली. तिने बूट काढले, जोडीने भिंतीशी नीट लावले, कमरेतून वाकली आणि तो गठ्ठा दोन्ही हातांनी पुढे केला. माझ्या बहिणीने हसून घेतला खरा, पण तिची नजर एकदा चौरंगाकडे, एकदा बाथरूमच्या दाराकडे. ठेवायचा कुठे, हेच तिला कळेना. बाईच्याही ते लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

मावशी तेव्हा पंच्याऐंशीची. खुर्चीत बसून सगळं बघत होती. तिने नातवाला विचारलं, "काय म्हणतेय ती?" त्याने सांगितलं, त्यांच्याकडे नव्या घरी हेच देतात. गुंडाळी कशी कुठेही न अडता उलगडत जाते, तशी या घरातली कामं उलगडत जावीत, म्हणून. मावशी क्षणभर थांबली. "म्हणजे सगळं सुरळीत होऊ दे, असंच ना? मग सुरळीच आणली की तिने." तिने त्या बाईला जवळ बोलावलं, हळदकुंकू लावलं, हातात साखर दिली. गठ्ठा देवापाशी ठेवला नाही, आणि तेही बरोबरच. आतल्या खोलीत कपाटावर नीट ठेवला. पण त्यानंतर ती बाई जी मोकळी झाली, ती पंगतीत मांडी घालून श्रीखंड-पुरी जेवूनच गेली.

तुझ्या पत्रातली तू मला त्या दारात उभ्या बाईसारखी दिसलीस, फक्त उलट बाजूने.

तुझी ताई आणि तिचे सहकारी त्या कागदाकडे कसं बघतात, ते एकदा मनावर घे. साबणाचंही तसंच: फेस कसा फुगत जातो, तशी घराची भरभराट वाढत जावी. पूर्वी याच प्रसंगाला काडेपेट्या आणि मेणबत्त्या द्यायचे. ज्योत वर चढते तसं घर वर यावं, हा भाव. पुढे काडेपेटीची गरज उरली नाही, वस्तू बदलली, इच्छा तीच राहिली. आपल्याकडे म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून नव्या घरात तोंडातून वाईट शब्द काढू नये. पाहुण्याचं खरं काम हेच की त्या भिंतींना चांगलं काहीतरी ऐकवायचं. कोरियन माणूस ते वस्तूतून ऐकवतो. तू गठ्ठा हातात धरशील तेव्हा 'संडासातले कागद' हे शब्द तुझ्या डोक्यात असतील, तिच्या डोक्यात नसतील.

आणि 'जिप्तुरी' या शब्दाची फोडही सांगते. 'जिप' म्हणजे घर, आणि पुढचा भाग आत शिरणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. म्हणजे अक्षरशः गृहप्रवेश. सामान हलवायला तिथेही दिवस बघतात: चांद्र महिन्याच्या ९, १०, १९, २०, २९ आणि ३० या तारखांना अनिष्ट शक्ती कुठल्याच दिशेला नसतात अशी समजूत आहे, आणि त्या दिवशी सामान हलवणारे जास्त पैसे घेतात. आपण सामानाआधी देव आणि पाण्याने भरलेला कलश आत नेतो, तिथे कित्येक घरांत भाताचा कुकर आधी आत जातो. शेजाऱ्यांना तांदळाच्या उकडलेल्या वड्या वाटतात, त्यावर लाल कडधान्याचा थर असतो, लाल रंगाने इडापिडा टळते म्हणून. हे सगळं ऐकून तुझी आजी चक्रावली नसती. तिने फक्त नैवेद्य काय केला ते विचारलं असतं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: वर्गणी दे, आणि गठ्ठा सगळ्यांच्या बरोबरीने दे. वेगळी पडू नकोस. त्याशिवाय तुझ्याकडून काहीतरी छोटं ने.

पण चांदीचा गणपती नको. तुझा भाव मला कळतो, पण मूर्ती देताना आपण समोरच्याला तिची निगाही देतो. ती कुठे ठेवायची, पाय लागू नये, धूळ बसू नये, पुढे घर बदलताना काय करायचं, हे सगळं तुझ्या मनात ठरलेलं आहे. तिच्या मनात नाही. कोरियात ख्रिस्ती लोक भरपूर आहेत, बौद्ध आहेत, आणि कुठलाच धर्म न पाळणारेही खूप आहेत. ताई यांतली कोण, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. दोन वर्षांत हे विचारलं गेलं नसेल तर मूर्ती देण्याइतकी वाट अजून मोकळी झालेली नाही. शिवाय उद्या ती मूर्ती तुला बुटांच्या कपाटावर दिसली तर तुला वाईट वाटेल, आणि चूक तिची नसेल.

त्याऐवजी पितळेची एक छोटी पणती ने. मेणबत्तीची जुनी रीत तिला घरच्यांकडून ठाऊक असण्याचा संभव आहे. "आमच्याकडे नव्या घरात आधी दिवा लावतात," एवढं म्हटलंस तरी ती दुवा जोडेल. पणती तिने देवापुढे लावली काय किंवा खिडकीत शोभेला ठेवली काय, दोन्ही चालतं. आईच्या बोलण्याचाही मान राहतो.

आता टाळण्याबद्दल.

न जाण्याचा हक्क तुला आहे. त्या शनिवारी खरंच काम असेल, घरच्या कुणाचं आजारपण असेल, किंवा त्या घरात तुला असुरक्षित वाटेल असं कुणी येणार असेल, तर सरळ नाही म्हण आणि मनाला लावून घेऊ नकोस. पण तुझ्या पत्रात यांतलं काहीच नाही. तुला जायचंय, फक्त लाज वाटण्याची भीती वाटतेय. आणि आजारपणाचं निमित्त तिथे फार काळ टिकणार नाही. सोमवारी ताई डब्यातून काहीतरी गरम घेऊन तुझ्या टेबलाशी येईल आणि तब्येत विचारेल. मग तुला त्या खोट्याला आणखी एक खोटं जोडावं लागेल. तिथले लोक एरवी बाहेरच भेटतात, हॉटेलात, कॉफीच्या दुकानात. कुणी घरी बोलावलं तर ते सहज केलेलं आमंत्रण नसतं.

तुझ्या पत्रात एक गृहीत आहे, त्यावर मला जरा थांबायचंय. न बोलता सोसणं म्हणजे सभ्यपणा, असं तू धरून चालली आहेस. मागच्या जेवणात तीन तास काकडी खाल्लीस आणि तुला वाटलं, आपण कुणाला त्रास दिला नाही. यजमानाच्या बाजूने बघ. तुझ्या आईच्या पंगतीत एखादी पाहुणी ताटातलं काहीच न खाता हसत बसली, तर आई रात्रभर झोपेल का? भाजी तिखट झाली का, आपलं काही चुकलं का, बाईला राग आला का, शंभर विचार करेल. नव्या घरातल्या पहिल्या जेवणाला सगळ्यात जास्त धाकधूक पाहुण्याला नसते, यजमानणीला असते. ताईही आत्ता यादीच करत बसली असेल: कुणाला काय चालतं, आठ जणांना ताटल्या पुरतील का, भात कमी पडला तर काय. तुझं नाव आलं की तिचं पेन थांबत असेल, कारण तुला काय चालतं ते तिला माहीतच नाही.

म्हणून तिला निरोप आजच पाठव. नुसतं 'मी शाकाहारी आहे' असं लिहून भागणार नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ घरोघरी वेगळा लागतो. पुष्कळांच्या लेखी किमचीत घातलेला मिठात मुरवलेला जवळा किंवा माशाचा सॉस म्हणजे काही 'मासे' नव्हेत, आणि रश्श्याला मांदेलीसारख्या वाळवलेल्या माशांचं पाणी वापरणं ही तर रोजची गोष्ट. त्यात तुला फसवण्याचा हेतू नसतो. आपणही डाळीला हिंग घालतो आणि डाळ म्हणतो, हिंगडाळ म्हणत नाही. तेव्हा वस्तूंची नावं घेऊन लिही:

"ऑन्नी, बोलावलंत याचा खूप आनंद झाला, मी नक्की येते. एक आधीच सांगते. मी मांस आणि मासे खात नाही, त्यांचं पाणी किंवा सॉस घातलेलंही नाही. भात, भाज्या, टोफू, अंडं सगळं आवडतं. माझ्यासाठी वेगळा घाट घालू नका. मी आमच्याकडची धिरडी करून आणली तर चालेल का?"

धिरड्यांचं मुद्दाम लिहिलं. तिथे 'बिन्देतॉक' म्हणून मुगाची डाळ वाटून जाडसर धिरडी करतात, बहुतेक वेळा त्यात डुकराचं मांस आणि किमची घालून. तुझी साधी मुगाची धिरडी टेबलावर आली की कुणाला ती परकी वाटणार नाहीत, आणि तव्यावर गरम कशी करायची हे ताईला सांगावं लागणार नाही. घरून कुरकुरीत भजी नेशील तर ती वाटेत मऊ पडतील, आणि ऐन गर्दीत तिच्या नव्या ओट्यावर तळणीचा घाणा मांडू नकोस. हिरवी कोथिंबीर घालू नकोस. तिचा वास तिथे बऱ्याच जणांना सोसत नाही. आलं, मिरची चालेल.

ताईने मागे लागून विचारलंच, तर 'जापचे' सुचव. रताळ्याच्या पिठाच्या शेवया आणि भाज्या. एरवी बीफ असतं, पण ते वगळून मश्रूम घालून सहज होतं. आणि तिला समजावणं अवघड गेलं तर तिथल्या बौद्ध मठांतल्या जेवणाचं नाव घे. मांस-मासे तर त्यात नसतातच, कांदा-लसूणही नसतो. 'मठातल्यासारखं, पण कांदा-लसूण चालेल' हे वाक्य तिला पटकन कळेल.

एवढं करूनही टेबलावर तुला चालणारे दोनच पदार्थ असले, तर ते दोन पोटभर आणि आवडीने खा. ताई म्हणेल, "काही विशेष केलेलं नाही, पण भरपूर खा." ऐकून आपल्या माजघरातच बसल्यासारखं वाटेल. आपणही दहा पदार्थ मांडून "काही केलं नाही हो" म्हणतोच की. जेवणाआधी 'जाल मॉक्केस्सुमनिदा' (छान जेवते), शेवटी 'जाल मॉगॉस्सुमनिदा' (छान जेवले), हे तुला दोन वर्षांत तोंडपाठ झालंच असेल. मनापासून म्हण.

दारूचं फार मनावर घेऊ नकोस. सुरुवातीलाच, पहिला पेला भरायच्या आधी, हसून एकदा सांग की मी पीत नाही, मला 'साइदा' द्या. कोरियात साइदा म्हणजे लिंबाच्या चवीचं गोड सोडापेय, त्यात दारू नसते. मोठ्या माणसाने ओतलं तर पेला दोन्ही हातांनी धर. तुला बाटली हातात घ्यायला अडचण नसेल तर दुसऱ्यांचे पेले दोन्ही हातांनी भर. तिथे आपला पेला आपण भरायचा नसतो, दुसऱ्याने भरायचा असतो, आणि त्या देण्याघेण्यात तू न पिताही सामील होतेस. बाटलीला हात लावायचाच नसेल तर ताटं वाढ, फळं कापून दे. कुणी फार आग्रह केला तर तेच वाक्य पुन्हा तसंच म्हण. कारणं देत बसू नकोस, कारणांवर वाद होतो.

घर दाखवतील तेव्हा एक सांभाळ. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कितीला पडलं?" तो जिभेवर आला तरी गिळ. कोरियात 'जॉनसे' नावाची पद्धत आहे: भाडेकरू घरमालकाकडे एकरकमी मोठी ठेव ठेवतो, साधारण दोन वर्षांचा करार होतो, महिन्याचं भाडं द्यायचं नाही, आणि शेवटी ठेव परत मिळते. कित्येक जण त्या ठेवीसाठी कर्ज काढतात. ताईचं घर स्वतःचं, जॉनसेचं की महिन्याच्या भाड्याचं, ते तिने सांगितलं तर ऐक. आपल्याकडे वास्तुशांत बहुधा मालकीच्या घराची. जिप्तुरी भाड्याच्या खोलीचीही होते, आणि मला ती पद्धत फार आवडते. माणूस राहायला गेला, तिथेच त्याचं घर. किंमत विचारण्यापेक्षा तिने स्वतः निवडलेलं काहीतरी नेमकं बघ आणि त्याचं नाव घेऊन सांग. खिडकीतला उजेड, तिने लावलेलं झाड, पुस्तकांचा कप्पा. 'छान आहे घर' असं सगळेच म्हणतात.

तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. जर्मनीत कुणी नव्या घरी बोलावलं तर ब्रेड आणि मीठ नेतात, घरात अन्नाला कमी पडू नये म्हणून. तिथेही आपल्याला पहिल्यांदा वाटतं की मीठ काय द्यायचं कुणाला. कुठेही असाल, बाकीचे काय नेत आहेत ते एखाद्या सहकाऱ्याला आधी विचारा, आणि त्याचा अर्थही विचारा. अर्थ कळला की हात आखडत नाही. आणि खाण्यापिण्याचं निदान आठवडाभर आधी सांगा. आयत्या वेळी दारात सांगितलेलं पथ्य यजमानाला फार जड जातं.

शनिवारी तिथे कधीतरी तुला एकटं वाटेल, हेही सांगून ठेवते. सगळे भरभर बोलत असतील, एखाद्या वाक्यावर खोली हसेल आणि तुला त्यातला अर्धा भाग कळला नसेल. तेव्हा फोन काढू नकोस. उठून ओट्यापाशी जा आणि ताईला विचार, "काय करू?" भांडी विसळायला, फळांच्या ताटल्या भरायला भाषा लागत नाही. परदेशात माझ्या ज्या कुणी मैत्रिणी झाल्या, त्या बहुतेक अशाच ओट्यापाशी उभ्या राहून झाल्या.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताईला तुझ्या खोलीवर बोलाव. खोली लहान आहे, खुर्च्या दोनच आहेत, ते तू पत्रात लिहिलंयस. जमिनीवर बसण्याचं त्यांना काही अप्रूप नाही. वरणभात, बटाट्याची पिवळी भाजी, पोळी, लिंबाचं लोणचं, एवढं पुरे. तिचा निरोप येईल, काय आणू? तेव्हा "काही नको हो" असं म्हणून टाकू नकोस. तुला त्या दिवशी घरात जे लागणार असेल ते तिला सांग.